अकरा बावन्नला उघडलेलं दार

“वाफ गेली म्हणजे काम झालं असं नाही. आतलं कापड सुकेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. राहील लक्षात?”

पहिल्या दिवशी मला काम शिकवणाऱ्या बाईंचे हे शब्द. इस्पितळाच्या तळमजल्यावर शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायची आमची खोली आहे. कात्र्या, चिमटे ब्रशने घासायचे, हिरव्या कापडाच्या दोन घड्यांत गुंडाळायचे आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये ठेवायचे. ओल्या कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात, म्हणून शेवटची वीस मिनिटं नुसती सुकवण्याची. तेवढा वेळ हात बांधून थांबायचं. आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम तेच.

खोलीत मला सगळे ताई म्हणतात आणि पाठीमागे देवमाणूस. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. पहाटेची प्रार्थना, दुपारी बाराची, झोपण्यापूर्वीची, शिवाय शुक्रवारचा उपास. बाराची प्रार्थना तर एकवीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. हा आकडा मी प्रभूला किती वेळा ऐकवला असेल ते त्यालाच ठाऊक. दुसराही एक नेम होता: आपलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही.

त्या मंगळवारी पाण्याचा दाब कमी होता, मशीन उशिरा तापलं. बाराला आठ मिनिटं कमी असताना सुकवणं नुकतंच सुरू झालं होतं. थांबावं तर प्रार्थना चुकते, निघावं तर काम अर्धवट राहतं. मी दार उघडलं. गठ्ठे गरम होते. कापड हाताला किंचित दमट लागलं. गरमच आहे, बाहेर सुकेल, असं मनाशी म्हणत मी ते फळीवर लावले आणि वहीत सही न करताच मागच्या कोठीत जाऊन गुडघे टेकले. बाराच्या ठोक्याला.

बाराला मशीनवर माझ्या जागी येते ती रेडिओ. खरं नाव कोणी घेत नाही, कारण तिला बंद करायचं बटणच नाही. तिने फळीवर गठ्ठे पाहिले, वहीतला रकाना कोरा पाहिला. ताईंची सही राहिली वाटतं, असं म्हणत तिने स्वतःची ठोकून दिली. ताईंच्या कामात काय बघायचं!

दुपारी ऑपरेशनच्या टेबलावर गठ्ठा सोडला तर आतलं कापड ओलं. रुग्णाला भूल देऊन झालेली. दुसरी अवजारं येईपर्यंत अर्धा तास सगळे खोळंबले. प्रभूची दया, रुग्णाला काही झालं नाही. पण मोठ्या सिस्टर वही घेऊन खाली आल्या.

“सही कुणाची आहे ही?”

“माझी, पण गठ्ठे ताईंनी काढले होते, सिस्टर. मी आले तेव्हा फळीवरच होते.”

“वा! सापडलं कोण, तर देवमाणूस? तोंड चालवण्यापेक्षा हात चालवले असतेस तर ही वेळ आली नसती.”

मी चार हात अंतरावर, नळाखाली चिमटे घासत होते. मला कोणी काही विचारलं नाही. मी नळ थोडा आणखी सोडला.

रेडिओची बदली मळक्या चादरी निवडायच्या खोलीत झाली. महिनाअखेरीला चौकशी होऊन तिला ठेवायचं की काढायचं ते ठरणार होतं.

पुढचे नऊ दिवस मी प्रार्थना वाढवल्या. शुक्रवारच्या जोडीला बुधवारचाही उपास धरला. रेडिओसाठी रडून मागितलं, की प्रभू, तिला सांभाळ. दहाव्या दिवशी बाराला गुडघे टेकले आणि शब्दच फुटेना. जणू कोणी समोर बसून शांतपणे म्हणत होतं, तिला सांभाळायचं तुझ्या हातात आहे, माझ्याकडे काय मागतेस? तेव्हा उमगलं. इतकी वर्षं मी नेमांच्या घड्या घालत होते. दोन पदरी, नीट. आत ओलच होती. माझं तारण माझ्या एकवीस वर्षांवर टेकलेलं असतं, तर त्या मंगळवारी मी संपलेच होते. ते टेकलेलं होतं त्याच्या कृपेवर, म्हणून तर मला उठून उभं राहता आलं. “आमेन” न म्हणताच मी उठले.

मोठ्या सिस्टरनी माझं ऐकून घेतलं आणि चक्क हसल्या. “ताई, तिला वाचवायला स्वतःवर घेताय होय? तुमचा स्वभाव काय आज ओळखते मी?”

“नाही हो सिस्टर. मीच काढले.”

“बरं बरं. जा, चहा घ्या.”

माझा चांगुलपणाच माझ्या आड उभा! मग मशीन आठवलं. प्रत्येक खेपेला त्यातून कागदाची बारीक पट्टी छापून येते, ती वहीला टाचलेली असते. कोणी वाचत नाही. मी त्या मंगळवारची पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली. दार उघडलं: अकरा बावन्न. आणि दारावरच्या हजेरीत रेडिओ आत आल्याची वेळ: बारा वाजून दोन मिनिटं.

सिस्टरनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “तुम्ही?” एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दाने माझं देवमाणूसपण जमिनीवर आलं. आणि सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रेडिओला गाठलं तेव्हा ती चादरींच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेली होती. मी सगळं सांगितलं. ती गप्प. रेडिओ गप्प! मला धडकीच भरली.

“मला ठाऊक होतं, ताई,” ती शेवटी म्हणाली. “दमट गठ्ठे आपोआप फळीवर चढतात होय? वाट बघत होते, आज बोलतील, उद्या बोलतील. रागही आला. एक दिवस तर तुमच्या डब्यात मीठ ओतायला निघाले होते.”

“ओतायचंस की.”

“शुक्रवार निघाला. तुमचा डबाच नव्हता!”

आणि ती हसली, तिच्या नेहमीच्या, सात खोल्यांत ऐकू जाणाऱ्या हसण्याने. मीही हसले आणि हसता हसता रडले. तिने पदर नसल्याने एका चादरीचं टोक पुढे केलं, मग वास घेऊन घाईने मागे ओढलं. “ही नको, ही वॉर्डातली आहे. माफ केलं, ताई. माझीही चूक आहेच, न बघता सही कशाला करायची? पण एक काम करा.”

“सांग.”

“माझ्या सासूबाई. दहा दिवस जेवताना एकच, दूध उतू घालवणारीच्या हाती कोणी अवजारं दिली? नवरा मान खाली घालून जेवतो. मी सांगून उपयोग नाही, माझं तोंड घरातही बदनामच. तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल. याल?”

मला तिच्या सासूबाई माहीत होत्या. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या, तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या. दर रविवारी सुनेला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, शीक जरा.

“आजच येते,” मी म्हणाले. “तुमची जेवणं व्हायच्या आत.”

“शब्द?”

“शब्द.”

महिनाभर मी चादरींच्या खोलीत आणि रेडिओ तिच्या जुन्या जागेवर, असं सिस्टरनी सांगितलं. वर लेखी ताकीद. मी दोन्ही हातांनी कागद घेतला. कोणाला वाटेल शिक्षा झाली. मला तर देणगी मिळाल्यासारखं वाटत होतं. ज्याने मला त्या कोठीत माझ्या शब्दांपाशी अडवलं, त्याचे आभार मानायला शब्द अपुरे होते, म्हणून नुसतीच मान लववली.

पाच वाजता हात धुतले, चपला घातल्या. घरी उशीर होईल असं बहिणीला कळवलं. का ते विचारलं तर आल्यावर सांगते म्हटलं. मग फाटकाबाहेर डावीकडे, रेडिओच्या घराच्या वाटेला लागले.