ठेंगणं दार

सुताराने चौकटीच्या सांध्यात पटाशी घातली तसं अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"अहो, आधी कडी वाजवा. सरळ घरात काय घुसता?"

सुतार ओशाळून बाजूला झाला. त्या दारामागे घर नव्हतंच, नुसती गुळगुळीत भिंत होती. गल्ली पाडून तिथे हा टॉवर उभा राहिला, तेव्हा अण्णांच्या आर्किटेक्ट मुलाने स्वतःच्या घराचं दार तेवढं वाचवलं आणि पॉलिश करून लॉबीतल्या भिंतीवर ठोकलं. वर छोटा दिवाही लावला. जागेची ओळख राहावी म्हणून. अख्खी गल्ली गिळायची, ढेकर द्यायचा नाही आणि वर एक दार जपून ठेवायचं, अशी ही हौस. लोकांनी पाठ थोपटली, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते गोड लागलं.

अण्णांना अलीकडे सगळ्याचा विसर पडू लागला होता, पण हे दार काही विसरेनात. रोज लिफ्टने खाली यायचे, जुन्या सवयीने मान तुकवून आत शिरायला जायचे आणि बंद फळीवर कपाळ आपटायचं. काल टाके पडले, म्हणून आज सुतार.

गल्लीतली सगळीच दारं अशी ठेंगणी. तिथला माणूस परगावी गेला तरी उंच दारातूनसुद्धा वाकूनच आत जायचा. लोक हसायचे, पण कुठला ते ओळखायचे. मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा त्याने ही खोड मोठ्या कष्टाने मोडली होती.

सुताराचा फोन गेला तसा मुलगा हातातलं काम टाकून आला. काचेच्या उंच दारातून आत शिरला. अण्णा जुन्या दाराशी जमिनीवर बसले होते, कपाळावरच्या पट्टीला हात लावून.

"अण्णा, चला वर."

अण्णांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"तुम्ही इथले नाही."

"इथलाच आहे मी, अण्णा."

"इथला माणूस दारातून असा ताठ येत नाही." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आमच्या मुलाला एक निरोप द्याल? घरं बांधतो तो. म्हणावं, आतून कडी लागलीय. तो आला की उघडेल."

 सुतार पटाशी घेऊन तसाच उभा होता.

"साहेब, काढू ना?"

मुलगा वळला आणि बाहेर गेला. काचेचं दार त्याच्यामागे मिटलं. मग तो परत आत आला, या वेळी मान तुकवून. डोक्यावर चांगली पुरुषभर जागा रिकामी होती.

अण्णांचा चेहरा उजळला. थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"या, बसा. तुमच्या दारालाही आतून कडी लागलीय का?"

"हो," तो म्हणाला आणि त्यांच्याजवळ खाली बसला.