सगळी बोटं

गेमच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखालच्या दांडीचं रबर झिजून झिजून कडेला पांढरं प्लास्टिक उघडं पडलं होतं, आणि दिग्विजय कानात घालायची काडी स्पिरिटात बुडवून त्या फटीतली काळी घाण टोकरून काढत होता — कसली असते ही घाण, घामाची, चिवड्याच्या तेलाची, कातडीची... आठ वर्षांची आपलीच कातडी, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं काडी वर्तमानपत्रावर ठेवून दिली. गुरुवार होता. एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे चिखलीतल्या या तिसऱ्या मजल्यावर एरवी सकाळपासून कानात शिरणारा समोरच्या वर्कशॉपातल्या ग्राइंडरचा आवाज आज नव्हता, आणि तो नसला की घरातले बारीकसारीक आवाज मोठे व्हायचे. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती तो, आण्णा गॅलरीत खुर्ची सरकवत होते तो. बायकोला, दिव्याला, सुट्टी रविवारी. लग्नाला चार वर्षं झाली तरी नवरा-बायकोची सुट्टी एका दिवशी यायला सण लागायचा.

टीपॉयवर फोन थरथरला. चिखली ते चाकण पट्ट्यातल्या गेम खेळणाऱ्यांचा ग्रुप, दीडशेच्या आसपास माणसं. कुणी निघोज्यात वेल्डिंगला, कुणी क्वालिटीत त्याच्यासारखं, कुणी अजून आयटीआयला. दर गुरुवारी ॲडमिन एक प्रश्न टाकायचा. मागच्या खेपेला विचारलं होतं, कुठला गेम डोक्यातून पुसून पुन्हा नव्यानं खेळायला आवडेल? त्याच्या आदल्या गुरुवारी, खेळण्यापायी तुमचं काय गेलं? त्यावर एकानं लिहिलं होतं, बारावी. दुसऱ्यानं लिहिलं होतं, लग्न, आणि पुढं हसरा चेहरा टाकला होता, पण दिवसभर त्या चेहऱ्याखाली कुणी काही लिहिलं नव्हतं. आजचा प्रश्न साधा होता. तुम्ही कुणाला खेळायला शिकवलंत?

उत्तरं भराभर येत होती. मोनिका म्हणून एक होती, तिनं सासूबाईंना शिकवलं होतं आणि आता त्या दुपारी तिची वाट बघत बसायच्या. कुणी मेव्हण्याला. कुणी शेजारच्या काकांना, त्यांचं बायपास झाल्यावर. एकानं लिहिलं, कुणालाच नाही, घरात कुणी विचारलंच नाही कधी. दिग्विजय त्या ओळीवर थांबला. ग्रुपवर त्याचा शब्द मानायचे, कुठला गेम अडला, कुठलं सेटिंग बिघडलं की दिग्विजयदादांना विचारा म्हणायचे, म्हणजे त्यानं काहीतरी लिहिणं अपेक्षित होतं. आणि ही ओळ किती सोयीची होती. घरात कुणी विचारलंच नाही. माझ्याकडे मात्र विचारलं होतं. एकदाच, पण विचारलं होतं.

नोकरी पर्मनंट झाली त्या वर्षी त्यानं हे गेमचं यंत्र आणलं, आणि त्याच वर्षी आण्णा — त्याचे वडील, अर्जुनराव — रिटायर झाले. गावाकडून, धाराशिवहून, ते आले होते ते भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपात प्रेस चालवायला. दिग्विजय पाचवीत असताना त्या प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली, अंगठ्याशेजारची दोन, मधल्या पेरापर्यंत. मालकानं काढलं नाही, गेटवर बसवलं. पुढची अठरा वर्षं आण्णांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहिले. तर यंत्र नवं असतानाचा असाच एक गुरुवार होता, कंपनीतले तिघं-चौघं मित्र घरी जमलेले, जमिनीवर चटई टाकून, मालट्रक चालवायचा तो गेम लावलेला, पावसातला रस्ता, वायपर हलतायत... आणि आण्णा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ह्यात गाडी कशी चालवायलेत रे? मला दे बरं एकदा."

त्यानं दिला. मित्रांनी सरकून जागा केली. आण्णांनी तो कंट्रोलर दोन्ही हातांत धरला, पूजेचं ताट धरावं तसा, आणि ट्रक जागचा हलेना. गाडी पळवायचं बटण वर, उजवीकडं, नेमकं त्या दोन बोटांच्या जागेवर. आण्णांनी अनामिका तिथवर नेऊन बघितली, तर अंगठा दांडीवरून सुटला. ट्रक घुरघुरला आणि थांबला. पुन्हा घुरघुरला. मित्रांपैकी कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. ते सगळे एकदम पडद्याकडं बघायला लागले, हाताकडं बघायचं टाळण्यासाठी, आणि दिग्विजयच्या कानशिलाला आग लागली. कशाची होती ती लाज? आण्णांची, की मित्रांनी पाहिलं त्याची, की आपल्याला लाज वाटली याचीच... त्यानं हात पुढं करून कंट्रोलर काढून घेतला आणि म्हणाला, "राहू द्या आण्णा. ते तुम्हाला नाही जमायचं. त्याला सगळी बोटं लागतात."

आण्णा म्हणाले, "होय की," आणि पाण्याची मोटार बंद करायची राहिलीय म्हणून खाली गेले.

बस्स, एवढंच. त्यानंतर आण्णांनी तो विषय काढला नाही, रुसले नाहीत, जेवायला बसले की तेच शिफ्टचं, भाजीचं, गावाकडच्या पावसाचं बोलणं. पण दिग्विजयच्या मनात ते वाक्य राहून गेलं. कंपनीत एखादा पार्ट मायक्रोमीटरमध्ये धरला की मध्येच आठवायचं, बसच्या खिडकीत आठवायचं. इतक्या वर्षांत त्याची त्या वाक्याशी एक ओळखच झाली होती. दुखऱ्या दाताशी होते तशी, जीभ आपोआप तिकडं जायची आणि दुखतंय अजून, एवढं बघून परत यायची.

फोन पुन्हा थरथरला. ग्रुपवर नाही, वेगळा. प्रज्वल नावाचा कुणी, ग्रुपमधलाच, एकदाही बोललेला नव्हता.

दादा, ग्रुपवर नको म्हणून इथं विचारतो. पप्पांची उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेलीत. त्यांना माझ्यासोबत गाड्यांची रेस खेळायची आहे. वरचं बटण त्यांना दाबता येत नाही. काही होतं का त्याला? की नाहीच जमणार?

दिग्विजयनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा करतंय, ओळखीचं कुणीतरी, त्या चटईवरचा एखादा... पण नाही. या पट्ट्यात गेलेल्या बोटांचं काय अप्रूप, प्रत्येक गल्लीत एखादा हात असा निघेल. तो टाइप करायला लागला. सेटिंगमध्ये जा, तिथं बटणांची अदलाबदल करता येते, वरचं उजवं बटण खालच्या फुलीच्या बटणावर आण, म्हणजे गाडी अंगठ्यानं पळेल. ब्रेक डावीकडंच ठेव. दांडी डाव्या हातातच राहील, उजव्या बोटांवर काहीच येणार नाही. सुरुवातीला त्यांना एकटं, मोकळ्या रस्त्यावर चालवू दे, लगेच रेस नको. बघणारी माणसं जवळ बसवू नकोस. हे शेवटचं वाक्य त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. आणि आण्णांच्या वेळी हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या सोयीसाठी ब्रेकचं बटण बदलून घेतलं होतं. म्हणजे आठ वर्षांपूर्वी, मित्रांसमोर, फक्त चार मिनिटं. ती माझ्याकडे होती.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, आणि आण्णांशी बोलता येत नव्हतं म्हणून तो आईशी बोलला. "आई, आण्णांना गेम लावून दिला तर आता खेळतील का गं? बटणं बदलून देतो मी. एका मुलाला आत्ताच सांगितलं कसं करायचं."

कौशल्याबाईंनी शेंगेचं टरफल सुपात टाकलं. "आता कशाला," त्या म्हणाल्या. "खेळायचे तेव्हा खेळले की."

"कधी?"

"तू ड्युटीवर गेलास की. दुपारी जेवण झालं की लावून बसायचे. रिमोट मांडीवर उलटा ठेवायचे अन् करंगळीशेजारच्या बोटानं दाबायचे. मी म्हणायची, लेकराला सांगा की, तो शिकवील. तर म्हणायचे, त्याला कामं असतेत." त्यांनी दुसरी शेंग उचलली. "वरीस-दीड वरीस चाललं होतं ते. तुला माहीत नव्हतं?"

त्याला माहीत नव्हतं. की होतं... कारण आईचं बोलणं संपायच्या आत त्याच्या डोळ्यांसमोर एक चौकोन उभा राहिला होता. ट्रकच्या गेममध्ये कुठवर खेळलो ते सेव्ह करायला तीन जागा. पहिल्यावर त्याचं नाव, दुसरी मोकळी, तिसरीवर एक बिननावाची फाइल, खाली खेळलेला वेळ. एकसष्ट तास. सहा वर्षांपूर्वी नवा गेम टाकायला जागा कमी पडली तेव्हा त्यानं ती पाहिली होती आणि वाटलं होतं, दिवाळीत मामेभाऊ राहून गेला त्याची असेल. एकसष्ट तास मामेभाऊ कधी खेळला, हा प्रश्न मनात येऊन गेला होता, खरंच आला होता. यंत्रानं विचारलं होतं, नक्की पुसायचं? आणि त्यानं अंगठा दाबला होता.

तो गॅलरीत गेला. आण्णा खुर्चीत बसून खाली बघत होते, एक टेम्पोवाला अरुंद गल्लीत गाडी मागं घेत होता त्याच्याकडं. उजवा हात नेहमीसारखा डाव्या हाताखाली झाकलेला.

"आण्णा," तो म्हणाला, "तुम्ही तो ट्रकचा गेम खेळायचात?"

आण्णांनी मान वळवली नाही. "तुझ्या आईला काय काम नाही," ते म्हणाले. मग टेम्पोकडं बघतच, "खेळायचो थोडं."

"मग बंद का केलं?"

"ते गेलं की सगळं. एक दिवस लावलं तर पहिल्यापासूनच चालू झालं. लायसनच्या परीक्षेपासून."

"मी पुसलं ते," दिग्विजय म्हणाला. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं आहे."

"मला ठाऊकाय की. दुसरं कोण पुसणार." खाली टेम्पोचं मागचं चाक गटाराच्या कडेला आलं, आण्णा खुर्चीत किंचित पुढं झुकले, आणि चाक सुटल्यावर पुन्हा मागं टेकले. "त्यात काय. जागा लागली असंल तुला."

"सांगायचं तरी."

"काय सांगू? तू म्हणला असतास, तुम्ही कधी खेळलात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोचून बोलणंही नव्हतं. एखाद्या ट्रकचा नंबर वाचून दाखवावा तसं. दिग्विजय कठड्याला धरून उभा राहिला. इतकी वर्षं तो ज्याची खंत करत आला होता ते वाक्य आण्णांनी तेव्हाच, त्याच्या पाठीमागं, मांडीवर कंट्रोलर उलटा ठेवून खोटं पाडलं होतं. जमत होतं त्यांना. मग इतके दिवस आपण उराशी धरलं ते काय होतं? एका लाजिरवाण्या दुपारची आठवण, जिच्यात शेवटी मुख्य माणूस मीच... मी बोललो, मला वाईट वाटलं, मला अजून आठवतं. आणि जे खरोखर मोडलं ते आपण मोडलंय हे माहीतही नव्हतं. त्याची खंत करायला आजपासून सुरुवात करायची, आणि ती कशी करायची असते तेही कळत नव्हतं.

"आता लावून देऊ?" तो म्हणाला. "अंगठ्यानं पळेल गाडी. बोटांचं काही कामच नाही."

"आता नको," आण्णा म्हणाले. "डोळ्याला पाणी येतंय टीव्हीकडं बघितलं की." आणि उठले. "जेवायचं बघ. तुझ्या आईनं शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केलीय."

तिघं जेवायला बसले. आण्णा डाव्या हातानं भाकरी मोडत होते, कितीतरी वर्षांची सवय. पलीकडच्या खोलीत फोन वाजला, प्रज्वलचा असावा. जमलं म्हणून सांगत असेल, की नाही जमलं म्हणून. दिग्विजय उठला नाही. त्याच्या मनात एकसष्ट तास फिरत होते. एवढ्या तासांत माणूस कुठवर जातो? त्याला स्वतःला त्या गेमचा कंटाळा विसाव्या तासाला आला होता. घाट लागायचा तिथं माल वेळेत पोचायचा नाही, दंड व्हायचा, म्हणून त्यानं सोडून दिला होता.

"घाटापर्यंत गेला होतात का?" त्यानं विचारलं.

"घाट उतरून पलीकडं," आण्णा म्हणाले. "सुरुवातीला दोनदा दरीत घातली. मग जमलं."

"काय आहे पलीकडं?"

आण्णांनी घास गिळला, पाणी प्यायले. सांगावं की नाही, असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, ते फक्त आठवत होते. "तळं आहे एक. मोठं. रस्त्याच्या कडंला गाडी लावायला जागा आहे. मी तिथं लावून बसायचो."

"बसायचो म्हणजे?"

"इंजिन बंद करून. पाणी हलतंय ते दिसतं. मधनंच एखादं पाखरू जातंय." त्यांनी ताटाकडं पाहिलं. "माल काय, कधीच वेळेत नाही पोचवला."

आईनं त्यांच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला आणि त्यांनी तो नको असताना घेतला. दिग्विजयला पुढं विचारायचं होतं, किती वेळ बसायचात, काय वाटायचं, पण हे सगळे प्रश्न ग्रुपवरच्या प्रश्नांसारखे झाले असते. त्यानं ते तळं आठवून बघितलं. आठवेना. तो गेम आपल्याला तळहातासारखा माहीत आहे असं तो लोकांना सांगत आला होता, त्यातली सगळी बटणं, सगळी सेटिंगं, आणि घाटापल्याड तो कधी गेलाच नव्हता. किंवा तिथं तळं नसेलही. आण्णांनी ते आत्ता, भाकरी मोडता मोडता, आपल्याला बरं वाटावं म्हणून रचलं असेल — तेवढं वाईट नाही झालं रे, मी मजेत होतो, असं त्यांच्या पद्धतीनं सांगायला. दोन्ही शक्य होतं. यंत्र लावून, घाट चढून बघता आलं असतं, विसेक तासांत कळलं असतं. पण त्याला ते बघायचं नव्हतं. बघायला जायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. तो तसाच बसून राहिला, हात ताटात सुकत होता, आणि शेजारी आण्णा जेवत होते, इतक्या जवळ की त्यांच्या दाढांखाली भाकरीचा पापुद्रा मोडल्याचं ऐकू येत होतं, आणि त्याला वाटत होतं की या माणसाबद्दल आपल्याला अजून काहीच विचारता आलेलं नाही.