दोन केंद्रांचा एक विद्यार्थी

आमच्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एकावर पाटी होती 'आंतरराष्ट्रीय विकास अर्थशास्त्र केंद्र', दुसऱ्यावर 'दारिद्र्य व विकास संशोधन केंद्र'. काम दोन्हीकडे एकच. गरीब देशांतले लोक गरीब का राहतात याचा अभ्यास करायचा आणि तो करणाऱ्या विद्यार्थ्यांना पोसायचं. पूर्वी हे एकच केंद्र होतं. मग दोन प्राध्यापकांचं बिनसलं. गरिबाला मदत करायची तर सरळ हातात पैसे ठेवा, असं सरांचं म्हणणं. बाई म्हणायच्या, पैसे नकोत, धान्य द्या, औषधं द्या, पुस्तकं द्या. त्यावरून एका केंद्राची दोन झाली, दोघांचं बोलणं बंद झालं आणि विद्यार्थ्यांनी त्यांची नावं पाडली: रोखसर आणि वस्तूबाई.

मी पीएचडीला आलो त्या वर्षी दुसरं कोणीच आलं नाही. का आलं नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नवा विद्यार्थी नसेल तर केंद्राचं अनुदान बंद, असा नियम होता. त्यामुळे दोन्ही दारं माझ्यासाठी सताड उघडली आणि मला वाटलं, माझ्या हुशारीचा बोभाटा झालाय. माल कमी असला की भाव चढतो, एवढी साधी गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळली नाही.

माझा विषय होता: धूर न करणाऱ्या सुधारित चुली फुकट मिळूनही बायका त्या का वापरत नाहीत. मी स्वतः कुठलीच चूल कधी पेटवलेली नव्हती. पण मतं होती, आणि ती भरपूर होती.

रोखसरांनी आल्या आल्या माझी विद्यावृत्ती वाढवली. "तुझी गरज तुलाच कळणार. हवं ते घे," म्हणाले. ही बातमी समोरच्या दारात पोचली, तशी वस्तूबाईंनी मला बोलावून खिडकीजवळचं टेबल दिलं. मग फिरती खुर्ची दिली, दिवा दिला, थंडी पडल्यावर पायाशी ठेवायला हीटर दिला.

"पैसे दिले असते तर उडवले असतेस," बाई म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. सरांचे पैसे बुटांत गेले होते.

दोघंही आपापला सिद्धांत माझ्यावर पडताळून बघत होते, हे आता दिसतं. तेव्हा मी हरभऱ्याच्या झाडावर होतो. सकाळी सरांकडे बसून रोख मदतीची थोरवी गायची, दुपारी बाईंकडे जाऊन वस्तूंची. सकाळी वाटायचं, लिहायला दुपारी बसू, तिकडची खुर्ची चांगली आहे. दुपारी त्या चांगल्या खुर्चीत डोळा लागायचा.

मी राहायचो ताईकडे. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्यापुढे मोघम बोलून भागत नाही.

"किती लिहून झालं?" तिनं एकदा भाजी चिरता चिरता विचारलं.

"पाया घालतोय."

"दुसरं वर्ष संपत आलं. दोन घरचा पाहुणा उपाशी, ऐकलंयस ना?"

"उपाशी कुठला? वजन वाढलंय माझं."

"तुझं वाढलंय. प्रबंधाचं सांग."

मी पाणी प्यायला उठलो.

आणि मग विद्यापीठानं तपासणी समिती नेमली. दोन्ही केंद्रांची तपासणी एकाच सकाळी. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू आमचा विद्यार्थी. टेबलापाशी बसून राहा." बाईंनीही तेच सांगितलं. कोणाला तरी 'नाही' म्हणायची ती वेळ होती. मी दोघांनाही 'हो' म्हणालो.

समितीच्या अध्यक्षा हळू आवाजात बोलणाऱ्या, वयस्क बाई होत्या. सरांच्या खोलीत मी त्यांच्यापुढे चुलींवर छान बोललो. मंडळी चहाला बसली तसा मी झेरॉक्सच्या खोलीतून मागच्या मागे वस्तूबाईंकडे सटकलो आणि कोणी ओळखू नये म्हणून चष्मा काढून ठेवला. याचा एवढाच उपयोग झाला, की समिती आत आली ती मला दिसली नाही.

"आपण भेटलोय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. आत्ताच," मी म्हणालो. खोटं सुचलं असतं तर बोललो असतो.

दारातून सर डोकावत होते. वस्तूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अध्यक्षा मात्र खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"काय लिहिलंय ते दाखवा."

चष्मा चढवून मी फाइल उघडली. तिच्यात पूर्ण झालेली एकच गोष्ट होती, ऋणनिर्देश. तोही दोन प्रतींत. एकात सरांचे उपकार जन्मभर न फिटणारे होते, दुसऱ्यात बाईंचे. अध्यक्षांनी दोन्ही सावकाश वाचले.

"भाषा चांगली आहे तुमची," त्या म्हणाल्या. "पहिलं प्रकरण कुठंय?"

मी फाइल मिटली. दोघांनी एवढं केलं होतं आणि दोघांनाही मी एकाच सकाळी मान खाली घालायला लावली होती.

मला काढून टाकतील असं मी धरूनच चाललो होतो. ताईला सांगितलं तेव्हा ती खूप वेळ हसली, मग म्हणाली, "काढायच्या आधी एक प्रकरण लिही." समितीनं काढलं नाही. दोन केंद्रांचं पुन्हा एक केलं, माझं एकच टेबल ठेवलं आणि एक वर्षाची मुदत दिली. एका खोलीत सर आणि बाई समोरासमोर बसू लागले. कपाट कुठे ठेवायचं यावरून त्यांचं बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडण सुरू झालं.

मी एका वस्तीत जाऊन राहिलो, चुली पेटवल्या, डोळे चोळले, बायकांची बोलणी खाल्ली आणि परत येऊन पहिलं प्रकरण लिहिलं. दोघांना एकेक प्रत दिली. सरांनी आपली वाचून संपवली आणि टेबलावर ठेवली. बाईंनी संपवली आणि सरांकडे बघितलं.

"तुम्ही सांगता का?" बाई म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा."

"टाकून दे हे," बाई मला म्हणाल्या.

"शेवटचा परिच्छेद सोडून," सर म्हणाले.

बाईंनी पान उलटून तो परत वाचला. "हो. तो ठेव. त्यात त्या बायका बोलतात. बाकी सगळीकडे तूच बोलतोयस."

इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते माझ्या नालायकीवर. त्यांना मात्र त्याचं फार बरं वाटलेलं दिसलं. सरांनी बाईंना चहा विचारला. मला कोणी विचारला नाही. मी तो परिच्छेद वेगळा काढला आणि त्याच्या खाली लिहायला बसलो.