सुई हवेत होती

एक विचारू का? दमलेल्या माणसाला तुम्ही म्हणता, "टेक जरा, पाणी घे." दमलेल्या यंत्राला कधी असं म्हटलंय?

नसेल म्हटलं. यंत्र थांबलं की माणसं त्याच्या पाठीत एक थाप मारतात आणि पुन्हा चालू होतंय का ते बघतात. अशा थापा मी पुष्कळ खाल्ल्या. मी रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. शिवणयंत्राशेजारच्या बुटक्या टेबलावर, दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकून असतो तो. आयुष्यभर दुसऱ्यांचंच गाणं म्हटलं, त्यामुळे स्वतःबद्दल बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. एका बाईनं माझी गोल चकती बसवली, दुसरीनं माझा हात, तिसरीनं हाताच्या टोकाला सुई. माझा हात म्हणजे एक बारीक दांडा. त्याच्या शेजारी छोटी कळ आहे. ती वर असली की हात रेकॉर्डवर अधांतरी राहतो आणि खाली केली की सुई अलगद टेकते. सुई टेकली तरच मला कंठ फुटतो, नाहीतर मी नुसताच गरगरतो.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते नाच शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या वर्गात लाकडी जमीन होती. मुलं एका तालात पाय आपटायची आणि माझी सुई उड्या मारायची. त्याच वर्गात बाईंची भाची होती, काटकुळी आणि सदा टोचून बोलणारी. तिला सगळे टाचणी म्हणायचे. तिची मैत्रीण घसा फाडून हसायची, म्हणून तिचं नाव पडलं भोंगा. दोघींनाही नाचता येत नव्हतं. डावा पाय सांगितला की उजवा पुढे. शेवटी बाईंनी हात टेकले आणि दोघींना माझ्याजवळ बसवलं. "तुम्ही रेकॉर्डी बदला. निदान कुणाचे पाय तरी तुडवले जाणार नाहीत."

तेव्हापासून त्या माझ्याजवळ आहेत. मधली बरीच वर्षं सोडून.

बाईंचा वर्ग बंद झाला आणि मधली वर्षं मी टाचणीच्या घरी माळ्यावर काढली, जुन्या चादरीत गुंडाळलेला. खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. अंगावर धूळ होती, पण कामही नव्हतं. खाली टाचणीचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. कपडे लहानमोठे करून देण्याचं काम तिनं घरातच सुरू केलं. भोंगा छापखान्यात लागली. कागदाच्या घड्या घालणाऱ्या मशीनसमोर दिवसभर उभी असायची. तिथं इतका आवाज की बाया एकमेकींशी खुणांनी, ओठ वाचून बोलत. संध्याकाळी ती टाचणीकडे यायची तेव्हा तिचं ओरडणं मला माळ्यावरही ऐकू यायचं.

छापखाना बंद पडला आणि भोंगा घरी बसली. घर म्हणजे एक खोली आणि एक खिडकी. ती हसेनाशी झाली. ते पाहून टाचणीनं मला खाली काढलं, पुसलं आणि म्हणाली, "चल, रविवारी ये. आपण पॉडकास्ट करू."

"ते काय असतं?"

"आपण गप्पा मारायच्या आणि लोकांनी त्या ऐकायच्या."

"लोकांना कामं नाहीत का?"

टाचणीच्या मुलीनं नोकरीच्या गावाहून फोनवर सगळं समजावून दिलं आणि दर रविवारी दुपारी त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. नियम टाचणीनं घातले. दोघींनी भंगारवाल्याकडून, जुन्या बाजारातून एकेक रेकॉर्ड शोधून आणायची. वाजवायची ती फक्त दुसरी बाजू, कारण पहिली सगळ्यांनी ऐकलेली असते. एकीनं लावायची, दुसरीनं डोळे मिटून ऐकायची. संपेपर्यंत अवाक्षर नाही. संपली की लावणारीनं ऐकणारीच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, मग ऐकणारीनं मनात येईल ते बोलायचं.

काय काय वाजवलं त्यांनी माझ्यावर! परक्या भाषेतली अंगाईगीतं, खलाशांच्या आरोळ्या, टायपिंग शिकवणारा एक कंटाळलेला मास्तर, बेडकांचे आवाज. बेडकांनंतर भोंगा म्हणाली होती, "आमचे साहेब असेच बोलायचे, पण यांना सूर आहे." टाचणी इतकी हसली की शिलाई उसवावी लागली. ऐकणारे फार नव्हते, पण होते ते पत्र लिहावं तसं लिहायचे. आठवडाभर भोंगा रविवारची वाट बघायची. तिला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि मग माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

"टाचणे, तुझा हा डबा हल्ली पुटपुटतो गं," एके दिवशी भोंगा म्हणाली. टाचणीनं माझी सुई बदलली. पुढच्या खेपेला भोंगा म्हणाली, "अजून तसंच." मग माझा पट्टा बदलला. मग दुरुस्तीवाला आला, त्यानं मला पालथा घातला, पोट उघडलं, तारा हुंगल्या आणि म्हणाला, "ताई, याला काही झालेलं नाही." टाचणीनं त्याला चहा पाजला आणि दुसरा दुरुस्तीवाला बोलावला. त्यानंही तेच सांगितलं. तरी दर काही दिवसांनी कुणीतरी मला उघडायचंच. या वयात सारखं उघडं पडणं बरं वाटत नाही हो. मी शिणून गेलो. आपण खरंच पुटपुटतो की काय, असं मलाही वाटायला लागलं.

त्या रविवारी रेकॉर्ड लावायची पाळी टाचणीची होती. फोनवर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग चालू केलं होतं. भोंगा माझ्या अगदी जवळ खुर्ची ओढून, डोळे मिटून बसली. टाचणीनं रेकॉर्ड ठेवली, माझा हात तिच्यावर आणला, आणि तेवढ्यात दार वाजलं. एक गिऱ्हाईक कोटाची चेन अडकली म्हणून आलं होतं. "संध्याकाळी या, संध्याकाळी," म्हणत तिनं त्याला वाटेला लावलं, परत येऊन चकती चालू केली आणि खुर्चीत टेकली.

कळ खाली करायची राहिली.

मी फिरत होतो. सुई हवेत होती. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती.

टाचणीला वाटलं, सुरुवातीला कोरा भाग असेल. मग तिनं वाकून पाहिलं, जीभ चावली, कळीकडे हात नेला. आणि तिची नजर भोंग्याकडे गेली.

भोंगा डोळे मिटून मान डोलवत होती. बोटानं मांडीवर ताल धरला होता. चेहऱ्यावर हसू होतं.

टाचणीचा हात तिथंच राहिला. मी फिरत राहिलो. इतकी वर्षं फिरलो, पण तेव्हासारखं जड कधी झालं नाही. बऱ्याच वेळानं टाचणीनं तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"वाऽ!" भोंगा गरजली. "काय गळा आहे गं बाईचा! शेवटी तर माझ्या अंगावर काटा आला."

टाचणीनं माझ्याकडे बोट केलं. भोंग्यानं वाकून पाहिलं. रेकॉर्ड फिरतेय, सुई वर. तिचं हसू हळूहळू उतरलं.

"कधीपासून?" टाचणीनं तिच्या समोर येऊन विचारलं. समोरून बोललं की ओठांवरून तिला कळायचं. ते मशीनवरच्या वर्षांनी शिकवलं होतं.

"काय कधीपासून?"

"भोंग्या, मला बनवू नकोस. या बिचाऱ्याचं पोट मी चारदा फाडलं. तू मात्र मजेत डोलतेस!"

"मग काय सांगू? बहिरी झाले म्हणून सांगू?" तिचा आवाज फाटला. "गाण्याच्या कार्यक्रमात बहिरी बाई! तू मला रविवारी बोलावलं असतंस? कीव म्हणून चहा पाजून घरी पाठवलं असतंस."

"चहा मी आत्ताही कीव म्हणूनच पाजते. तुझ्या हातचा प्यावा लागू नये म्हणून."

भोंगा हसली नाही. टाचणीचेही डोळे भरले होते. तिनं भोंग्याचा तळवा धरून माझ्या लाकडी कुशीवर ठेवला आणि कळ खाली केली. मी गायला लागलो. जेवढा दम होता तेवढा सगळा लावला.

"काही लागतंय हाताला?"

भोंग्यानं बराच वेळ हात ठेवला. "गुदगुल्या होतात नुसत्या," ती म्हणाली. "गाणं कसलं, दळण चाललंय." मग डोळे पुसत म्हणाली, "बाईच गातेय का गं?"

"नाही. एक माणूस शीळ घालतोय."

तेव्हा मात्र भोंगा हसली. पूर्वीसारखी, घसा फाडून. माझी सुई उडाली.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं," टाचणी म्हणाली.

"कानाला मशीन लावलं की लोक म्हातारी म्हणतील."

"आत्ता काय बाळ म्हणतात? आणि हे बघ, नाहीच आलं ऐकू, तर मी लावीन आणि तू मला विचारशील. कार्यक्रम बंद होणार नाही. तुझ्याशिवाय मी कुणाशी बोलू?"

 भोंग्यानं स्वतःच माझा हात उचलून जागेवर ठेवला आणि मला बंद केलं. फोनवरचं रेकॉर्डिंग तेवढं चालूच राहिलं होतं.

आता मी थकलोय. माझा एक पाय लुळा आहे, त्याखाली टाचणीनं कापडाची घडी घातली आहे. तक्रार नाही. एक विनवणी मात्र आहे. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र पुटपुटायला लागलं, तर त्याला पालथं घालायच्या आधी शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाची जरा चौकशी करा. दोष दरवेळी आमच्याच पोटात नसतो. आणि चौकशी प्रेमानं करा, कारण ते माणूस घाबरलेलं असतं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीनं शिवणयंत्रावर झाकण घातलं, दाराला कुलूप लावलं आणि दोघी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या.