अ‍ॅडलीच्या अंगणातला टोप

मी टोप बोलतोय. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ऐटीत बसणारा नव्हे, अंगणातला. माझ्या पोटात एखादं पोर आरामात उकिडवं बसू शकतं. लपंडावात बसलीही आहेत, आणि शिंकून पकडलीही गेली आहेत, कारण मला कितीही घासा, माझ्या अंगातलं तिखट पुरतं कधी जात नाही.

माझा जन्म लुइझियानात, बायूच्या काठी, बोटी जोडणाऱ्या एका वेल्डरच्या छपरीत झाला. बायू म्हणजे आमच्याकडचं संथ, चहाच्या रंगाचं पाणी. धड नदी नाही, धड तळं नाही. एका होडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उरला होता, त्यातून मी झालो. उरल्यासुरल्यातून माझ्या मापाची एक भोकाभोकांची टोपली झाली. ती माझ्या आत बसते. जिन्नस तिच्याकडे, पाणी माझ्याकडे, आणि आमच्यात भांडण कधी झालं नाही.

मला घरी नेलं अ‍ॅडलीने. तेव्हा तो तरणाबांड होता, नुकताच बाप झालेला. पोराच्या, म्हणजे ड्वेनच्या बाप्तिस्म्याला सगळा गोतावळा जेवायला यायचा होता. अ‍ॅडलीने मला गाडीच्या मागे दोरीने बांधलं आणि घर येईपर्यंत दर वळणावर मान वळवून मी आहे ना ते बघितलं. ड्वेनला इस्पितळातून आणताना तरी त्याने इतकी काळजी घेतली होती की नाही, कोण जाणे.

आमच्याकडे वसंत आला की क्रॉफिश येतात. कोळंबीहून थोराड, शेवंडीहून लहान, खेकड्यासारख्या नांग्या आणि स्वभावही तसाच चिडका. पोत्यातून वळवळत येतात. अ‍ॅडलीची पद्धत ठरलेली. आधी पाणी, त्यात मीठ, लाल तिखट, तमालपत्र, पिळलेली लिंबं सालींसकट आणि लसणाचे अख्खे गड्डे. पाणी खळखळलं की बटाटे, ते अर्धेमुर्धे शिजले की क्रॉफिश. पुन्हा उकळी आली की थोडा दम धरायचा आणि शेगडी बंद करायची. खरं काम इथून पुढे. गार मक्याची कणसं टाकली की पाणी निवतं, आणि वर तरंगणारे क्रॉफिश मसाल्याचं पाणी पीत पीत खाली बसतात. घाईने काढलेत तर कवच झणझणीत आणि आतलं मांस अळणी. नवशिके हमखास इथेच फसतात.

या मुरण्याच्या वेळात अ‍ॅडली एक क्रॉफिश काढायचा, सोलायचा, तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचा. सगळं अंगण चिडीचूप. मोठमोठी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी. मग तो म्हणायचा, "मीठ कमी," किंवा "मुरू द्या अजून," किंवा नुसतंच, "काढा!" 'काढा' म्हटलं की एकच गलका व्हायचा. वर्तमानपत्रं अंथरलेल्या लांब टेबलावर टोपली उपडी व्हायची आणि ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो तुटून पडायचा. ताटं नाहीत, चमचे नाहीत, बोटं आणि ओठ मात्र लालेलाल.

या सगळ्यातला सगळ्यात मोठा दिवस गुड फ्रायडेचा. त्या दिवशी मांस वर्ज्य, मासळी चालते आणि क्रॉफिश मासळीतच धरतात, म्हणून एरवी पडतं ते सॉसेज माझ्यात पडत नाही. पर्सी, म्हणजे अ‍ॅडलीचा मेव्हणा, दर वर्षी गुपचूप सॉसेज टाकल्याचं नाटक करतो, आणि दर वर्षी त्याची बहीण त्याच्या हातावर फटका मारते.

ही बहीण म्हणजे उना, अ‍ॅडलीची बायको. घरातल्या सगळ्या भांड्यांची ती मालकीण, पण मला तिचा हात कधी लागला नव्हता. आमच्याकडे अंगणातला टोप पुरुषांचा. बायकांनी बटाटे धुवावेत, कणसं मोडावीत. ढवळायचं वल्हं आणि चव पुरुषांकडे. असं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. उना लांबूनच वाफेचा वास घ्यायची. लिंबू कमी पडलं की तिची डावी भुवई वर जायची. मी ते बघायचो. माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

मग एका हिवाळ्यात अ‍ॅडली तापाने आडवा झाला. ताप उतरला, पण जाताना त्याच्या जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. मला कळलं ते असं, की एकदा तो मला ठेवतात त्या छपरीत एकटाच आला, मसाल्याची पिशवी उघडून त्याने नाक आत खुपसलं आणि शिंकून शिंकून बेजार झाला. मग डोळे पुसत माझ्या काठावर टेकला.

"शिंक येते," तो मला म्हणाला, "वास येत नाही."

बाकी कुणाला तो बोलला नाही. ताटातलं चिवडायचा, "छान झालंय" म्हणायचा आणि उठायचा. त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पडत गेली.

ड्वेनच्या वाढदिवसाला मला बाहेर काढलं. तिखटाची झणझण अ‍ॅडलीला अजून कळत होती, तेवढ्यावर निभावून नेऊ असं त्याला वाटलं असावं. पण मीठ? त्याने टाकलं, चाखलं, काही लागेना. पुन्हा टाकलं. माझ्या पोटात समुद्र झाला, पण टोपाला कुठे ओरडता येतं? अ‍ॅडलीने नेहमीसारखे डोळे मिटले आणि म्हणाला, "काढा."

माणसं भली असतात हो. ड्वेन "झकास झालंय, पपा" म्हणाला आणि पाण्याचा पेला भरायला उठला. पुन्हा उठला. पर्सीला मात्र जीभ आवरत नाही.

"अ‍ॅडल्या, क्रॉफिश बायूतून आणलेस की थेट समुद्रातून? माझे ओठ बघ, सुकट झालेत नुसते!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने अ‍ॅडली हसला. पण पाहुणे गेल्यावर त्याने मला दोनदोनदा घासलं, मिठाचा कणही उरू नये असं. त्याने मला छपरीत नेलं आणि गवत कापायच्या यंत्रामागे पालथं घातलं.

पुढचे कित्येक दिवस मी तसाच पडून होतो. एका कोळ्याने माझ्या कडीत संसार थाटला. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यायचं. अ‍ॅडली म्हणायचा, गुडघा दुखतोय. ड्वेन म्हणायचा, "मग पपा, गुड फ्रायडेचं मी करतो ना. नवा टोप घेतलाय मी. तुम्ही नुसते खुर्चीत बसा मस्त." त्या पोराच्या मनात काळं नव्हतं. पण 'नुसते बसा' हे शब्द पत्र्यालासुद्धा टोचतात.

गुड फ्रायडेचा पवित्र आठवडा लागला आणि एका सकाळी छपरीचं दार उघडलं. मला वाटलं अ‍ॅडली. बघतो तर उना. तिने यंत्र ढकललं, मला दोन्ही कड्यांना धरलं आणि फरफटत उजेडात आणलं. कोळ्याची तारांबळ उडाली. आवाज ऐकून अ‍ॅडली धावत आला, गुडघा न दुखता.

"अगं, काय करतेस? टोप आहे तो माझा!"

"तुझा आहे ना? मग घास की. शुक्रवारी माणसं यायचीत."

"माझा गुडघा..."

"गुडघ्याने ढवळतोस का?"

अ‍ॅडली उपड्या बादलीवर बसला.

"ड्वेनला करू दे यंदा," तो म्हणाला. "मला चव लागत नाही गं, उना. कशाचीच नाही."

"माहितीये मला."

"कसं काय?"

"मंगळवारी तुझ्या कॉफीत साखरेच्या जागी मीठ घातलं होतं. चांगला मोठा चमचा."

"मग मी काय म्हणालो?"

"'फक्कड झालीये' म्हणालास. आणि सगळी प्यायलास, मेल्या!"

अ‍ॅडली तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, ते बघून तिलाही, आणि दोघं इतकी हसली की शेवटी डोळे पुसताना कोण हसतंय आणि कोण रडतंय ते मला सांगता आलं नसतं.

"एवढा संसार झाला आपला," उना म्हणाली, "आणि तुझ्या पोटातलं काढायला मला कॉफी नासवावी लागली. सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर हा गेला असता." त्याने माझ्यावर हात ठेवला. "होडी विकली, काम सुटलं. वर्षातून एक दिवस सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. तेवढंच उरलंय."

उनाने बाहीने माझ्यावरची जळमटं पुसली. मग म्हणाली, "मी शेजारी उभी राहीन. तू चाखल्यासारखं कर. मी वाफेवरून सांगेन. कमी असलं तर खोकते, जमलं असलं तर शिंकते. कुणाला पत्ता लागायचा नाही."

शुक्रवारी अंगण भरलं. शेगडी भणाणली. उना खरंच माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ही आज इकडे कशी?" पर्सी म्हणाला. "वाट चुकलीस का गं?"

"तू सॉसेज टाकशील म्हणून राखण करतेय."

सगळं रीतसर झालं. मीठ टाकताना अ‍ॅडलीचा हात अडखळला, तेव्हा उनाने नजरेनेच 'पुरे' म्हटलं. शेगडी बंद झाली, कणसं पडली, क्रॉफिश खाली बसायला लागले. अ‍ॅडलीने एक काढला, सोलला. अंगण चिडीचूप झालं. त्याने तो ओठांपर्यंत नेला. उना खोकली.

अ‍ॅडली थांबला. हातातल्या त्या एवढ्याशा तुकड्याकडे त्याने बघितलं, मग तिच्याकडे. आणि त्याने तो तुकडा तिच्या तोंडापुढे धरला.

"तू बघ," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला चव लागत नाही. हिवाळ्यापासून. ड्वेनच्या वाढदिवसाला खारट झालं ते त्यामुळेच. आता चव ही सांगेल."

कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी झाडाकडे. ड्वेन "पपा..." म्हणत पुढे आला. उनाने तो तुकडा घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला.

"मीठ बरोबर आहे. लिंबू मागे पडलंय. आणि मुरू द्या अजून, कुठे पळून चाललेत का ते?"

"म्हणजे," पर्सी म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही भलत्याच माणसाच्या तोंडाकडे बघत बसलो होतो!"

पहिला हसला तो अ‍ॅडली. या खेपेला खरंखुरं. पर्सी लिंबं घेऊन माझ्याजवळ आला, पिळता पिळता खालच्या आवाजात म्हणाला, "अ‍ॅडल्या, त्या दिवशीचं ते समुद्राचं... मला काय ठाऊक रे."

"पीळ नीट," अ‍ॅडली म्हणाला. "बिया पाडू नकोस."

थोड्या वेळाने उनाने पुन्हा चाखलं आणि ओरडली, "काढा!" अ‍ॅडली आणि ड्वेनने मिळून टोपली उचलली.

सगळे टेबलावर तुटून पडले. अ‍ॅडली माझ्याजवळच बादलीवर बसून राहिला. उना मूठभर क्रॉफिश घेऊन आली, एक सोलला आणि त्याच्यापुढे धरला.

"काय उपयोग? नुसतं चावायचं."

"तू चाव. मी सांगते." तिने स्वतः एक तोंडात टाकला. "आधी मीठ येतंय, हलकंच. आता लिंबू. साली टाकल्यास ना, त्याचा जरासा कडवटपणा मागून येतोय. लसूण शिजून गोड झालाय. आणि डोक्यातलं ते पिवळं आहे ना, ते चोख... हां. लोण्यासारखं. जरासा बायूचा चिखल आहे त्यात, पण हवाहवासा."

अ‍ॅडली डोळे मिटून चावत होता.

"तिखट कळतंय मला," तो म्हणाला.

"मग तेवढं तू सांग."

त्याने थोडा विचार केला. "घशाशी बसलंय. चांगलं बसलंय."

उनाच्या मुठीतले संपले. अ‍ॅडलीने बोटं चाटली, हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "अजून दोन सांग."

'दे' नाही म्हणाला. 'सांग' म्हणाला. उना उठली आणि पदार्थ संपायच्या आत मोठा ढीग घेऊन आली.

आता मी म्हातारा झालोय. बूड पातळ झालंय, एक कडी डुगडुगते. मोठी पंगत असली की ड्वेनचा चकचकीत टोप शेगडीवर चढतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मी आता मागल्या ओसरीवर असतो. मोसमात शुक्रवारी माझ्यात अगदी थोडंसं पाणी पडतं, दोघांपुरतं. वल्हं कधी याच्या हातात, कधी तिच्या.

जायची वेळ येईल तेव्हा मी कुरकुर करणार नाही. भंगाराच्या गाडीत निमूट चढेन. पत्रा आहे मी, वितळून पुन्हा काहीतरी होईनच. माझं मागणं एवढंच, की मला न्यायला याल तेव्हा आधी अंगणात डोकावून बघा. तिथे दोन म्हातारी माणसं बसली असतील, आणि एक दुसऱ्याला जेवण सांगत असेल, तर जरा थांबा. त्यांचं जेवण होऊ द्या.