माझ्यासमोर सही केली

मित्रांनो, एखाद्या जुन्या कागदाच्या कोपऱ्यावरून कधी बोट फिरवलंय का? तिथे गोल उंचवटा लागतो. शाई नाही, रंग नाही, नुसती टेंगळं. ते माझे दात. मी नोटरीचा लोखंडी दाबशिक्का, आता पार म्हातारा. कागद माझ्या जबड्यात सरकवायचा, वरचा दांडा दाबायचा, झालं काम. सध्या मी कोर्टाच्या कपाटात पडून असतो, गळ्यात सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. कपाटात झोप भरपूर मिळते म्हणतात. मला मेलं एक दिवस चैन नाही.

माझी अक्षरं एका कारागिरानं पितळी चकतीत उलटी कोरली, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटावीत. मधोमध 'नोटरी' आणि भोवती तीन शब्द, 'माझ्यासमोर सही केली'. काम संपल्यावर त्यानं चकतीवरचा कीस फुंकला आणि म्हणाला, "जे बघशील तेच बोल, बाबा. दुसरं काही तुला बोलता यायचं नाही." मला तेव्हा गंमत वाटली होती.

माझे पहिले मालक, थोरले साहेब, भारी कडक होते. ज्याची सही, त्यानं समोरच्या खुर्चीत बसायचं. कागद आधी वाचायचा, मग सही करायची, मग जाड नोंदवहीत पुन्हा सही आणि अंगठा. एकदा एका बाईच्या पायाला प्लास्टर होतं, तिला जिना चढवेना. साहेब मला काखोटीला मारून तीन मजले उतरले आणि गाडीच्या दारात उभं राहून तिची सही घेतली. लोक म्हणाले, "शिक्का असावा तर असा!" मी स्वतःला कोण समजत होतो, विचारू नका.

कधी एखादं जोडपं यायचं. "साहेब, आमचं पटत नाही. सगळं लिहून आणलंय. शिक्का मारा, की दोघं मोकळे."

साहेब चष्म्यावरून बघायचे. "मी सह्या ओळखतो, संसार मोडत नाही. तो रस्त्यापलीकडे मोडतो, कोर्टात. तिथे न्यायाधीश दोघांना विचारतात, विचार करायला मुदत देतात, मग पुन्हा विचारतात. मधेच एखाद्याचं मन बदललं तर तेही ऐकून घेतात. जा तिकडे."

"म्हातारा सटकलाय," असं पुटपुटत ते जिना उतरायचे. पण जायचे रस्त्यापलीकडेच.

पुढे साहेबांची नजर गेली आणि गादीवर जावईबापू बसले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. रांग जिन्यापर्यंत आणि ह्यांचं एक पाऊल कायम दारात. नोंदवही खालच्या खणात गेली. समोरच्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे आले.

आणि एके दुपारी दोन भाऊ आले. धाकट्याच्या हातात कागद होता, बोलत होता थोरला. वर टाईप केलं होतं, 'घटस्फोटाचा करार'. खाली लिहिलं होतं, की पत्नी राजीखुशीनं वेगळी होत आहे, घरावर आणि पोटगीवर तिचा हक्क नाही, आणि चार वर्षांची मुलगी बापाकडे राहील. थोरल्याच्या बायकोची सही आधीच झालेली.

कारकुनानं विचारलं, "बाई कुठायत?"

"तिला बरं नाही," थोरला म्हणाला.

जावईबापूंनी घड्याळ बघितलं. "सही तिचीच आहे ना?"

"हो, तिचीच."

"मग आण इकडे."

मित्रांनो, मला डोळे नाहीत, मी दातांनी वाचतो. ती सही मला लागली. निम्मी सरळ होती, मग पेन थांबलं होतं, आणि शेवटचं अक्षर कसंबसं ओढलेलं. मला जबडा आवळून धरायचा होता. पण दांडा दुसऱ्याच्या हातात. कागदावर उमटलं, 'माझ्यासमोर सही केली'. समोर होती एक खुर्ची आणि तिच्यावर गठ्ठे.

त्या दिवसापासून ती बाई माझ्या मानगुटीवर बसली. कुठलाही कागद आला, की मला तीच अडखळलेली सही लागायची. भर दुपारी, सगळे जेवायला गेले, की वाटायचं, आत्ता कुणीतरी ते गठ्ठे बाजूला सारून खुर्चीत बसेल आणि विचारील, "मी कधी आले होते रे तुझ्यासमोर?" सहा वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघितली. अशा खोट्या शब्दांचे आणखी किती कागद माझ्या जबड्यातून गेले, तेही मोजायचं सोडून दिलं.

मग एक दिवस कोर्टानं नोंदवहीसकट मला बोलावून घेतलं. तिथे ती उभी होती.

सारी हकीकत मी तिथेच ऐकली. दिरानं शेवटचं पान तेवढं पुढे केलं होतं. "पोरीच्या शाळेचा फॉर्म आहे, वहिनी. कर सही, उशीर होतोय." सही करता करता तिनं वर बघून विचारलं होतं, "बाकीची पानं कुठायत?" तिथेच पेन थांबलं होतं. त्यानंतर सासरचे "चार दिवस माहेरी जाऊन ये" म्हणाले, आणि पाठोपाठ टपालानं कागद आला. तिच्या वडिलांनी माझ्या टेंगळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शिक्कामोर्तब झालंय, पोरी. आता कुणाचं काय चालणार?" शिकलेला माणूस, पण शिक्का बघून गार पडला. ती सहा वर्षं शाळेच्या फाटकापलीकडे उभी राहून लेकीला लांबून बघत राहिली.

शेवटी एका नोकरीच्या अर्जावर तिनं 'घटस्फोटित' असं लिहिलं. तिथला कारकून म्हणाला, "बाई, हे नोटरीचं चालत नाही. कोर्टाचा हुकूम आणा." तेव्हा ती मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात गेली आणि एका वकीलबाईंनी तिचा कागद उजेडात धरला.

न्यायाधीशांनी नोंदवही उघडली. त्या तारखेला ना तिची सही, ना अंगठा. त्यांनी मला पुढे सरकवलं. "हा शिक्का तुमच्यासमोर मारला?"

तिनं वाकून बघितलं. "ह्याला मी आज पहिल्यांदा बघतेय."

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

न्यायाधीश म्हणाले, "असा करार करून लग्न मोडत नाही. तुम्ही आजही यांच्या पत्नी आहात. पोटगी मागता येईल, मुलीसाठी अर्ज करता येईल. तुम्हाला काय हवंय?"

"घटस्फोटच हवाय, साहेब," ती म्हणाली. "पण खरा. मला विचारून केलेला."

खटला अजून चालू आहे. तोवर दर शनिवारी कोर्टातल्या छोट्या खोलीत मायलेकींनी भेटायचं, असं ठरलं. पहिल्या शनिवारी फाइलवर वजन म्हणून मला ठेवलं होतं. मुलगी आता दहा वर्षांची. आईपासून दोन खुर्च्या सोडून बसली. घरी तिनं आईचा विषय काढला, की बाप कपाटातून त्या कराराची शिक्का मारलेली आपली प्रत काढायचा आणि म्हणायचा, "हात लावून बघ. आईनं सही करून तुला सोडलंय." त्या पोरीला आईचा चेहरा आठवत नव्हता, माझी टेंगळं मात्र पाठ होती.

तिनं माझ्या दातांवर बोट ठेवलं. "हाच का तो?" मग वहीचं एक पान फाडलं, जबड्यात घातलं आणि दोन्ही हातांनी दांडा दाबला. मोठ्यानं वाचलं, "माझ्यासमोर सही केली."

आई म्हणाली, "मी नव्हते गं तिथे."

"मग हा असं का म्हणतो?"

मित्रांनो, मला एकच वाक्य कोरलेलं. मी काय सांगणार?

पोरीनं त्याच पानावर काहीतरी लिहिलं आणि पान आईपुढे सरकवलं. आईनं घाईघाईनं पेन उचललं.

"आधी वाच," मुलगी म्हणाली.

आईनं वाचलं. 'मी माझ्या मुलीला सोडलं नव्हतं.'

"आता कर सही. माझ्यासमोर."

या वेळी पेन कुठेही थांबलं नाही. मुलीनं पानाची घडी करून खिशात घातली आणि एक खुर्ची अलीकडे सरकली. एक खुर्ची मधे अजून रिकामी होती.

तेवढा एक कागद खरा झाला. बाकीचे कुणाच्या कपाटात आहेत, मला ठाऊक नाही, म्हणून तर डोळा लागत नाही. तुमच्या घरी तसा एखादा निघाला, तर उंचवटा लागला म्हणून घाबरू नका. सगळी पानं वाचा, कोर्टात जाऊन विचारा. आणि आधी जिची सही आहे त्या बाईला विचारा, शिक्का बसला तेव्हा ती कुठे होती.