साक्षीदाराचा रकाना

माझ्या धाकट्या दिरांना आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण करता आली नाही, आणि पूर्ण केल्याचं सांगायला ते कधी चुकले नाहीत. घरात त्यांना आम्ही 'संशोधक' म्हणायचो. ती टिंगल आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी एका चाकांच्या गाड्यावर रेडिओ केंद्र बसवलं. इथून मोर्सची टिंबं आणि रेघा चंद्राकडे पाठवायच्या, त्या तिथे आपटून परत येतात आणि समुद्रापलीकडचा दुसरा कुणी हौशी त्या ऐकतो. त्यांच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात फिरत्या केंद्रावरून हे कुणी केलं नव्हतं. पहिला जो करील त्याला वार्षिक सभेत मानपत्र मिळणार होतं आणि त्यामागून अध्यक्षाची खुर्ची. अट एवढीच की नोंदवहीत मोर्स जाणणाऱ्या साक्षीदाराची सही हवी. क्लबातल्या लोकांचे कान केव्हाच संगणकाकडे गेले होते, म्हणून दिरांना वहिनीची आठवण झाली.

मी एकतीस वर्षं तारघरात काढली. आमचे हेही तिथेच होते, पण खिडकीवर, लोकांचे फॉर्म घ्यायला. मोर्स त्यांनी कधी शिकलं नाही. मी मात्र पहिल्याच आठवड्यात शहाणी झाले होते. एका तारेतलं बुडालेलं अक्षर मी अंदाजाने भरलं, तेव्हा मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत तो कागद फाडला. म्हणाल्या, ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोड. तेव्हाची माणसं असं बोलायची आणि तसं वागायचीही.

दुपारी दीर, जाऊ, हे आणि मी असे चौघं एका सपाट माळावर गेलो. गाड्यावर माशाच्या काट्यासारखे दोन लांब अँटेना होते. त्यांच्याजवळचा, क्षीण आवाज वाढवणारा डबा दिरांनी जेवण आणलेल्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळला होता, वर रबरबँड. जनरेटर इतका जवळ ठेवला होता की मी सांगितल्यावर तो चाळीस पावलं लांब न्यावा लागला. तो जावेने ओढला. संशोधक तेव्हा मला समजावत होते की चंद्र क्षितिजाजवळ असतो तोवर जमिनीचीही मदत होते, म्हणून पाऊण तासात काम उरकायचं.

फिकट चंद्र वर आला. मी हेडफोन लावले. दिरांनी आमची कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं अक्षरी नाव, पाठवली आणि अडीच सेकंदांनी तीच, बारीक होऊन, परत आली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, हे या माणसाच्या हातून व्हावं?

मग पलीकडचा आला. त्याच्या कॉलसाइनचं एक अक्षर, आमची शेवटची दोन, आणि खरखर. नियम साधा आहे. दोघांच्या कॉलसाइन पूर्ण ऐकू आल्या की 'ओ' पाठवायचा, म्हणजे तीन लांब रेघा. त्या मिळाल्याची पोचही रेडिओवरूनच द्यायची. मला रेघा ऐकू आल्या नाहीत. दिरांना आल्या, कारण त्यांच्या हातात मोबाइल होता आणि पलीकडचा त्यावर लिहीत होता की आता 'ओ' पाठवतोय.

"मिळाला," असं म्हणून त्यांनी वहीत लिहूनही टाकलं. त्यांचे डोळे मोबाइलवरच होते.

मी सांगितलं, मोबाइल गाडीत ठेवा, अजून दहा मिनिटं आहेत, खरंच येईल.

"वहिनी, तो पाठवतोय म्हटल्यावर आलाच ना? तीन लांब रेघा असतात, नीट ऐका."

"तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून मला रेघा ऐकू येतात, भावजी. या आल्या नाहीत."

ती दहा मिनिटं त्यांनी माझ्याशी हुज्जत घालण्यात घालवली. चंद्र वर सरकला, खरखर तेवढी उरली. सगळा जुळवलेला खेळ त्यांनी असा हातचा घालवला. जाऊ माझ्या कानाशी लागली. म्हणाली, करून टाका हो, नाहीतर वर्षभर मलाच ऐकावं लागेल. मला तिची कीव आली. तरी मी ऐकलेली तीन अक्षरं वहीत लिहिली, पुढे रिकामी जागा सोडली आणि पेन खाली ठेवलं.

दिरांनी ते पान फाडलं. नव्या पानावर सगळं सुबक लिहून काढलं. म्हणाले, वहिनींचे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मग वही ह्यांच्यापुढे धरली. "दादा, तूही तारघरातलाच की."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साक्षीदाराच्या रकान्यात सही केली, खाली 'निवृत्त, तारघर' असंही लिहिलं. माझ्या तारघराचं नाव.

परतताना गाडीत मी ह्यांना विचारलं, "तुम्हांला काय ऐकू आलं?"

"काही नाही," म्हणाले. "हेडफोन तर तुझ्याच कानावर होते."

मानपत्राच्या सभेला मी गेले नाही. हे गेले. आल्यावर त्यांनी जेवायला मागितलं, आणि मी वाढलं. पण सभेत काय झालं ते मी विचारलं नाही, आणि पुढे अकरा वर्षं, ते असेपर्यंत, त्यांनी सांगितलेलं काहीही मी दुसऱ्या कुणाला विचारल्याशिवाय खरं धरलं नाही.